चिंचणी : गाडी सुरूच्या अलीकडेच!

नवीन एसयूव्ही घेतली की प्रत्येकाच्या डोक्यात एक जाहिरात चालू होते. वाळूचे फवारे, मावळता सूर्य आणि स्टिअरिंगवर अस्मादिक! पण आपल्याकडे वाळवंट आणायचं कुठून? आम्हा चार ऑफिसवाल्यांना सापडला चिंचणीचा किनारा. डहाणू तालुक्यातला, लांबलचक, सपाट, मागे सुरूचं बन. मुंबईहून साधारण सव्वाशे किलोमीटर. बस्स, शनिवारी निघालो.

दुपारी चारला पोचलो तर ओहोटी. समुद्र पार लांब गेलेला, ओली वाळू रनवेसारखी टणक. पहिली दहा मिनिटं काय धमाल आली म्हणून सांगू! मग वळताना पुढचं चाक बसलं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाक आणखी खाली. ओल्या वाळूच्या कणांमध्ये पाणी असतं. चाक जागच्या जागी फिरलं की टणक वाटणाऱ्या वाळूचा चिखल होतो. हे ज्ञान अर्थातच नंतरचं!

जाळं आवरणारे एक काका आले. ‘‘आज तिथी कोणती?’’ आम्ही मोबाइलमध्ये शोधलं. त्रयोदशी.

‘‘तेराचे पाऊणपट किती?’’

‘‘पावणेदहा.’’

‘‘मग रात्री पावणेदहाच्या सुमाराला भरती. पाणी केव्हाच वळलंय, दादा. आधी इंजिन बंद करा.’’

कोकणच्या किनाऱ्यावरचं हे जुनं गणित. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. पुनवेच्या-अवसेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त आत येणार. आमची त्रयोदशी त्यातलीच!

टायरमधली हवा कमी केली, हातांनी वाळू उपसली, चाकाखाली पायपुसणी घातली. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला. गाडी निघाली तेव्हा पाणी चाकांना लागलं होतं. पैसे द्यायला गेलो तर काकांनी हात जोडले. फक्त मागे बोट दाखवलं. ‘‘हे बघा. पहाटे अंधारात होडीकडे जाताना या चाकोऱ्यांत पाय मुरगळतो.’’

तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. ओहोटीच्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी असते. चिमुकले खेकडे वाळूतलं अन्न खाऊन त्या गोळ्या टाकतात. आमच्या चाकांखाली ती पुसली गेली होती. भरतीरेषेच्या वर कोकणात मर्यादवेल दिसते, जांभळ्या फुलांची. उडती वाळू धरून ठेवायचं काम तिचं. तिच्यावरून चाक गेलं की वाळू मोकळी, आणि मग किनारा मागे सरायला वेळ लागत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात इंपिरियल सँड ड्यून्स नावाचा वाळूच्या टेकड्यांचा मोठा पट्टा आहे. तिथे अशा गाड्यांसाठी मोकळीक आहे, पण उंच झेंडी लावावीच लागते आणि उत्तरेकडचा भाग 1994 पासून गाड्यांना पूर्ण बंद. म्हणजे खेळायची जागासुद्धा आखून दिलेली! डहाणू तालुका तर 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. सागरी किनारा नियमांत वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करायला मनाई आहे. थोडक्यात, चिंचणी हा ट्रॅक नाही. ते कुणाचं तरी अंगण आहे. ऑफ-रोडिंगची हौस असेल तर ती ट्रॅकवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली भागवा.

पुढच्याच महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. मुद्दाम अष्टमीला. आठचे पाऊणपट सहा, म्हणजे भर दुपारी ओहोटी. गाडी सुरूच्या अलीकडे लावली, चपला हातात घेतल्या आणि दोन तास चाललो. खरं सांगू? गाडीतून हा किनारा दहा मिनिटांत संपला होता. पायी गेल्यावर तो केवढा मोठा आहे ते कळलं!

कसं जाल : मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळून बोईसर, तारापूरमार्गे चिंचणी. रेल्वेने बोईसर किंवा वाणगाव. डहाणू लोकल दोन्हीकडे थांबते. पुढे रिक्षा.

लक्षात ठेवा : निघण्याआधी भरतीची वेळ बघा. गाडी रस्त्यालगतच ठेवा. कचरा परत आणा. आणि वाळत घातलेल्या मासळीचा, जाळ्यांचा फोटो काढण्याआधी विचारा.