बोलता येईल, इतकेच चालावे

हिवाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. साठी-सत्तरीतले पती-पत्नी समोर बसतात, तपासण्यांचे कागद पुढे सरकवतात आणि जरा संकोचूनच विचारतात, “डॉक्टर, मुले तिकिटे काढायची म्हणताहेत. जाऊ ना आम्ही?” गेली अनेक वर्षे मी या प्रश्नाला उत्साहाने उत्तर देत आले आहे. रक्तदाब व साखर आटोक्यात असेल, दोन मजले चढताना छातीत दुखत नसेल, तर अवश्य जा, असे मी सांगते. गेल्या हिवाळ्यात मात्र हाच प्रश्न माझ्याच घरात, रात्रीच्या जेवणानंतर ताटे उचलता उचलता विचारला गेला आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

विचारणारे माझे यजमान होते. वय ६३. दीड वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला होता. पुढे प्रकृती चांगली सुधारली. ते रोज पाऊण तास चालू लागले, औषधे वेळेवर घेऊ लागले. सुधारले नव्हते ते माझे मन. ते जिना चढू लागले की मी खालून त्यांचे श्वास मोजत असे. स्नानगृहातून यायला पाच मिनिटे उशीर झाला तर दार ठोठावत असे.

“अंदमानला जाऊ या का?” ते म्हणाले. “समुद्राच्या पाण्याखाली काय असते ते एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे.”

मी तीन दिवस विषय टाळला. चौथ्या दिवशी आम्ही हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. ट्रेडमिल चाचणी समाधानकारक आली. त्यांनी अहवाल मिटला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “यांना काही हरकत नाही. हरकत तुमचीच दिसते.” जानेवारीच्या अखेरीस आम्ही विमानात बसलो.

पोर्ट ब्लेअर या शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम असे झाले आहे. उतरल्यावर पहिली गंमत अनुभवास येते ती सूर्याची. हे बेट पुण्याच्या फार पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र तेच भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे सूर्य आपल्याहून सुमारे सव्वा तास आधी मावळतो. जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. साहजिकच येथील सहली भल्या पहाटे निघतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. पहाटे निघायच्या घाईत मधुमेहाची गोळी घेतली जाते आणि न्याहारी राहून जाते. मग वाटेत साखर उतरून घाम व थरथर सुटते. म्हणून पहिल्या संध्याकाळीच मी गोळ्यांचे नवे वेळापत्रक कागदावर लिहिले आणि खाकऱ्याची व खजुराची पुडी पिशवीत वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. मराठी माणसाला येथे पर्यटक म्हणून वावरता येत नाही. १८९६ ते १९०६ या काळात उभारलेल्या या तुरुंगाच्या सात इमारती मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या होत्या. आज त्यांपैकी तीन उभ्या आहेत. १९११ साली सावरकरांना येथे आणले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही याच भिंतींआड होते. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्याच्या टोकाला आहे. जिन्याशी पोहोचताच माझ्या मनात आकडेमोड सुरू झाली.

यांची नाडी मोजण्यात अर्थ नव्हता. हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना बीटा-ब्लॉकर गटातील औषध दिलेले असते. त्यामुळे श्रम वाढले तरी नाडी फारशी वाढत नाही आणि आकडा फसवतो. अशा वेळी उपयोगी पडते ती बोलण्याची कसोटी. चालताना किंवा चढताना सलग दोन वाक्ये विनासायास बोलता आली, तर श्रम झेपण्याजोगे आहेत असे समजावे. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागला की थांबावे. मी यांना बोलते ठेवले. ते वळणावळणावर थांबत, कठड्याला हात लावत, इतिहास सांगत वर आले. त्या अरुंद कोठडीत आम्ही दोघे काही न बोलता उभे राहिलो. उंचावरची लहानशी खिडकी पाहताना मला वाटले, माणसाला जपण्याच्या नावाखाली आपणही कधी कधी केवढीशी खिडकी ठेवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने आम्ही स्वराज द्वीपला गेलो. पूर्वीचे हॅवलॉक ते हेच. बोटीला साधारण दोन तास लागतात. समुद्र लागू नये म्हणून अनेक जण परस्पर गोळ्या घेतात. त्यांतील काही औषधांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो, प्रोस्टेटची वाढ असेल तर लघवी तुंबते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांचा त्रास बळावतो. म्हणून अशी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. आम्ही बोटीच्या मध्यभागी बसलो, हलके खाल्ले, हातातील मोबाइल दूर ठेवला आणि क्षितिजाकडे पाहत राहिलो. तेवढ्याने भागले.

या बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना वसवण्यात आले. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावांची नावे ऐकताच तो वारसा कळतो. राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. मागे उंच झाडांचे दाट रान, पुढे पांढरी, पिठासारखी वाळू आणि तिच्यावर उतरणारा केशरी प्रकाश. मऊ वाळूत चालायला पक्क्या जमिनीपेक्षा बरेच अधिक श्रम पडतात आणि घोटाही मुरगळतो. म्हणून आम्ही ओहोटीने घट्ट झालेल्या ओल्या वाळूवरून चाललो. कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांचा हात धरला होता. या वेळी नाडी पाहण्यासाठी मात्र नव्हे.

त्याच संध्याकाळी एका ठिकाणी स्कूबा डायव्हिंगची चौकशी केली. अर्जावर हृदयविकाराबद्दलचा प्रश्न होता. तेथील तरुण हळूच म्हणाला, “काका, ‘नाही’ लिहा. सगळे तसेच लिहितात.” यांनी लेखणी हातात धरली आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी अर्ज परत केला. “खोटे लिहून पाण्याखाली काय पाहायचे?” एवढेच म्हणाले. वाचकांना माझी विनंती आहे की, असा अर्ज कधीही खोटा भरू नये. तो प्रश्न आपल्याला अडवण्यासाठी नसतो. खोल पाण्यात काही झाले तर मदत पोहोचायला लागणारा वेळ ध्यानात घेऊन तो विचारलेला असतो.

मग ठरले स्नॉर्केलिंग. चेहऱ्याला मुखवटा, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट आणि पाण्याच्या पृष्ठभागावरच तरंगणे. त्यासाठी एलिफंट बीच प्रसिद्ध आहे. तेथे बोटीने जाता येते किंवा जंगलातून सुमारे दोन किलोमीटर पायी. यांना पायवाटेचा मोह. वाट फार चढाची नाही, पण चिखलाची व मुळांची आहे. शेवटचा भाग कांदळवनाजवळून जातो आणि भरतीला तेथे पाणी चढते. आम्ही ओहोटीची वेळ विचारून घेतली, स्थानिक वाटाड्या बरोबर घेतला आणि सकाळी सातला निघालो.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत यांची औषधे, जिभेखाली ठेवायची गोळी, रक्तदाबाचे लहान यंत्र, क्षारसंजीवनीची पाकिटे, यांच्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या. दर दहा मिनिटांनी मी म्हणत होते, “अहो, पाणी प्या.” ते निमूटपणे पीत होते. दमट हवेत घामाने कपडे अंगाला चिकटले. वाटेत पडलेल्या खोडावर बसून यांनी पक्ष्याचा आवाज ऐकवला, मी मान डोलावली. पुढे ते काही विचारत होते आणि मी हुंकार देत होते. अचानक ते थांबले.

“अगं, तू मघापासून बोलत का नाहीस?”

उत्तर द्यायला तोंड उघडले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

किनारा हाकेच्या अंतरावर होता. वाटाड्याने व यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून सावलीत नेले, आडवे केले, पिशवी पायांखाली देऊन पाय उंच केले. यांनी स्वतःच यंत्र लावले. वरचा रक्तदाब ९४. कारण माझ्या ध्यानात आले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. वाटेत स्वच्छतागृह नसणार म्हणून मी पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शिवाय माझ्या रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल औषध आहे. ती घेतली होती, न्याहारी अर्धी सोडली होती. रोज दहा रुग्णांना जे करू नका म्हणून सांगते, ते सर्व मी एका सकाळी केले होते. यांनी लिटरभर पाण्यात क्षारसंजीवनीचे अख्खे पाकीट विरघळवले आणि घोट घोट पाजले. ते पाकीट मी त्यांच्यासाठी आणले होते.

तासाभराने रक्तदाब ११२ झाला, डोके हलके झाले. “आपण परत जाऊ,” ते म्हणाले. समोर निळेहिरवे पाणी स्वच्छ, शांत होते. मी म्हणाले, “तुम्ही जाऊन या.”

गळ्यापर्यंत पाण्यात उतरले की पाण्याच्या दाबाने पायांकडचे रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयाचे काम वाढते. म्हणून पाण्यात एकदम न जाता हळूहळू उतरावे, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याने प्रवाळाच्या धारेने झालेली जखमही लवकर थांबत नाही. म्हणून पायांत पाण्यातले बूट होते. प्रशिक्षित मार्गदर्शक तरंगते कडे धरून शेजारी होता. जे करायचे ते सर्व केले होते. उरले होते ते फक्त किनाऱ्यावर बसून राहणे. दीड वर्षात प्रथमच ते माझ्या हाताच्या अंतराबाहेर गेले. पाण्यावर दिसणारे ते नारिंगी नळीचे टोक मी वीस मिनिटे पाहत होते. कधी ते लाटेआड जाई, पुन्हा दिसे.

ते परत आले तेव्हा मुखवट्याचा वण कपाळावर उमटला होता. “पोपटी रंगाचा मासा अगदी नाकासमोर आला,” ते सलग सांगत सुटले, न थांबता, चार-पाच वाक्ये. कसोटी लावण्याची गरज नव्हती. परतीचा प्रवास आम्ही बोटीने केला आणि धक्क्यावर दोघांनी दोन शहाळी घेतली.

या अनुभवातून माझ्या रुग्णांसाठी मी आता एक छोटी यादी तयार ठेवली आहे.

• निघण्यापूर्वी महिनाभर आधी तपासणी करावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, पायांवर सूज किंवा धाप असेल, तर प्रवास पुढे ढकलावा.
• औषधे दोन भागांत, मूळ वेष्टनांसह, हातातील सामानात ठेवावीत. इन्सुलिन मोठ्या सामानात टाकू नये.
• वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तहानेची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.
• लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. स्वच्छतागृह कोठे आहे ते आधी विचारावे आणि त्यानुसार दिवस आखावा.
• मधुमेहींनी वाळूतही अनवाणी चालू नये. रात्री पायांचे तळवे तपासावेत.
• अंदमानात काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर आहे. सूचनाफलक असेल तेथे पाण्यात उतरू नये.
• छोट्या बेटांवर वैद्यकीय सोयी मर्यादित असतात. मुक्कामापासून जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.
• सोबत जाणाऱ्याने स्वतःची औषधे, स्वतःचे पाणी आणि स्वतःची न्याहारी यांची नोंद त्याच कागदावर करावी.

शेवटचे कलम मी अंदमानहून आल्यावर लिहिले. आजारी माणसाची काळजी घेणारे अनेक जण माझ्याकडे येतात. आईला घेऊन येणारी लेक, पतीला घेऊन येणारी पत्नी, सासऱ्यांना घेऊन येणारी सून. हल्ली मी रुग्णाचे यंत्र सोडले की तोच पट्टा सोबत आलेल्याच्या दंडाला गुंडाळते. “माझे कशाला, डॉक्टर? मी ठीक आहे,” असे बहुतेक म्हणतात. मी त्यांना बोलते ठेवते आणि यंत्रातला आकडा स्थिर होण्याची वाट पाहते.