आपोआप लागणारे दार

दार उघडून आत येणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पडतात. मागे वळून दार लावणारांचा एक, आणि दार ही वस्तू केवळ उघडण्यासाठीच निर्माण झाली आहे अशी ज्यांची श्रद्धा असते त्यांचा दुसरा. हा दुसरा वर्ग संख्येने फार मोठा. आमच्या घरापुरते बोलावयाचे तर पहिल्या वर्गात एकट्या आमच्या सौभाग्यवतीच मोडतात. आम्ही स्वतः कोणत्या वर्गातले, हे त्यांनाच विचारावे. या दुसऱ्या वर्गाच्या सोयीसाठी कोणा शहाण्याने दाराला स्प्रिंग बसविली. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे साधत नाही ते वीतभर तारेच्या वेटोळ्याने साधते, हा मनुष्यस्वभावाचा गौरव खचित नव्हे. परंतु सोय खरी.

या वेटोळ्याचे शास्त्र अगदी साधे आहे. इंग्लंडातील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने (दारावरच्या आकड्याला आपण जे नाव देतो तेच योगायोगाने त्याचे आडनाव!) १६७६ साली आपला एक सिद्धांत अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. जितका ताण, तितकी वाढ, हा त्याचा मथितार्थ. स्प्रिंग दुप्पट लांबवावयाची तर बळही दुप्पट लावले पाहिजे. दार उघडताना आपल्या हाताचे बळ तिच्यात साठते, आणि हात काढताच ती ते परत करते. घेतलेले न फेडणाऱ्या या जगात इतकी प्रामाणिक वस्तू विरळाच. परंतु प्रामाणिकपणाला विवेकाची जोड नसली म्हणजे काय होते, ते आम्हांस आमच्याच दारात पाहावयास मिळाले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमचे बिऱ्हाड धारणीस. घाटांचा जेथे मेळ झाला तो मेळघाट. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल अशी वळणे घेत येथे पोहोचावे लागते. पावसाळ्यात हा मुलूख इतका रमणीय दिसतो की आलेल्या पाहुण्यास परत जावेसे वाटत नाही. डासांसही वाटत नाही. डोंगरातून झिरपणारे झरे आणि नाल्यांच्या काठची डबकी यांत त्यांची प्रजा वाढते. एका श्रावणात आमच्या धाकट्या मुलास थंडी वाजून ताप भरला. तीन गोधड्यांखाली त्याचे दात कडकड वाजू लागले, तेव्हा पावसाळ्याच्या रमणीयतेविषयीचे आमचे सारे विचार कोठल्या कोठे पळाले. आशाताईंनी त्याच्या बोटास सुई टोचून रक्त तपासावयास नेले, हिवतापाचे निदान झाले, औषध मिळाले आणि मुलगा पुन्हा अंगणात खेळू लागला. मग आम्ही पहिले काम केले ते ओसरीवरील दारास बाहेरून जाळीचे दुसरे दार बसविण्याचे. ते कोणी उघडे टाकू नये म्हणून त्यास चांगली जाड स्प्रिंग लावविली.

यात आमची काही कल्पकता होती असे नव्हे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे बीज पाहिले. पुढे १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी इटलीत रोमनजीक ऑस्टिया येथील हिवतापाच्या दलदलीत एक जाळीची झोपडी उभारविली. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर हिवतापाच्या हंगामात तीत राहिले. कोयनेल घ्यावयाचे नाही. दिवसा मोकळेपणी हिंडावे, सूर्य मावळण्यापूर्वी जाळीच्या आत यावे, एवढाच त्यांचा नेम. दोघांसही हिवताप आला नाही. ही हकीकत आम्ही पूर्वी वाचली होती. तीतले ‘सूर्य मावळण्यापूर्वी’ हे शब्द आमच्या पक्के ध्यानात राहिले. ‘दिवसा मोकळेपणी’ हे मात्र नजरेतून निसटले.

दाराने आपले काम चोख बजाविले. कोणीही आत येवो वा बाहेर जावो, मागे धाडकन आवाज व्हावयाचाच. पहिले चार दिवस तो आवाज आमच्या कानास विजयाच्या नगाऱ्यासारखा वाटला. पाचव्या दिवशी मातोश्रींनी कपाळाला आठी घातली. त्यांना ऐकू कमी येते. तरीही आठी पडली, यावरून वाचकांनी आवाजाची कल्पना करावी.

मातोश्रींचा मुक्काम दिवसभर त्या दाराशी असतो. गुडघ्यांनी सोडून दिल्यापासून ओसरीकडील उंबरठा हीच त्यांची वाट, तोच त्यांचा बाजार आणि तेच त्यांचे देऊळ. तेथे त्यांची एक मैत्रीण येत असे. ती कोरकू म्हातारी जवळच्या एका खेड्यातून टोपली घेऊन यावयाची; उन्हाळ्यात चारोळी, पावसाळ्यात रानभाज्या, आश्विनात सीताफळे, थंडीत आवळे. टोपली ओसरीवर ठेवावी, स्वतः उंबरठ्यावर टेकावे, पाठ चौकटीस लावावी, एक पाय आत आणि एक पाय बाहेर, असे तिचे बसणे. आमची मातोश्री वऱ्हाडातल्या काळ्या मातीची, आणि ती डोंगरातली. एकीची बोली दुसरीस निम्मीशिम्मीच समजे. तथापि दोघीही एकमेकींस ‘माय’ म्हणत, आणि तासन् तास बोलत. सौदा पहिल्या पाच मिनिटांत उरकलेला असे.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, स्प्रिंगेच्या दारात उंबरठ्यावर बसता येत नाही. त्या दारास आत ठाऊक असते आणि बाहेर ठाऊक असते. मधले काही ठाऊक नसते. म्हातारी पहिल्यांदा आली ती टोपलीसह आत शिरू लागली, तोच दार मागून तिच्या खांद्यावर आले. टोपली कलंडली. पिकलेली सीताफळे ती. उंबरठ्यावर आपटून चार फुटली. आम्ही धावत गेलो, क्षमा मागितली, फुटलेल्या फळांचेही पैसे देऊ केले. तिने ते घेतले नाहीत. हसून म्हणाली, आपलेच चुकले. यानंतर ती दोनदा आली. दोन्ही वेळा ओसरीच्या पायरीवर उभी राहूनच तिने हाक मारली, माल दिला आणि ती निघून गेली. तिसऱ्या खेपेपासून ती आलीच नाही.

मातोश्री काही बोलल्या नाहीत. दुपारी त्या जाळीआड बसत आणि रस्त्याकडे पाहत. एके दिवशी आम्ही आमच्या दाराची स्तुती करीत असता त्या शांतपणे म्हणाल्या, “दार लागतं ते बरंच आहे रे. पण ते मला न विचारता लागतं.”

या एका वाक्याने आमची झोप उडविली. आपल्याकडे बंद दाराची थोर परंपरा आहे. ज्ञानेश्वर रुसून ताटी लावून बसले आणि मुक्ताबाईंनी त्यांची समजूत घातली, ती कथा ताटीच्या अभंगांमुळे घरोघरी ठाऊक आहे. ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांचे साधे दार. ती वाऱ्याने लागत नाही, तारेने लागत नाही; कोणी तरी हाताने लावावी तेव्हाच लागते. म्हणूनच तिच्यामागे कोणी तरी रुसलेला असतो, आणि रुसलेल्याची समजूत घालता येते. आमचे दार कोणी रागावून लावलेले नव्हते. म्हातारीवर कोणाचाही राग नव्हता, तिला कोणी ‘येऊ नकोस’ म्हटले नव्हते. मग समजूत कोणी कोणाची घालावी? रागाने लागलेले दार आज ना उद्या उघडते. न रागावता आपोआप लागलेल्या दाराकडे मात्र कोणाचे लक्षच जात नाही. हल्ली बँकेच्या काचेच्या दारांस तेलाच्या नळीचे यंत्र बसवितात. त्यातही स्प्रिंगच असते, केवळ तेल बारीक छिद्रातून सावकाश सरकत असल्यामुळे दार आपटत नाही. त्या दाराबाहेर, ते ओढावे की ढकलावे या विचारात उभा असलेला डोंगरातला मनुष्य आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. न आपटणारे दारही माणसास बाहेर ठेवू शकते, हे तेव्हा आम्हांस उमगले नव्हते.

आम्ही स्प्रिंग काढून टाकावयाचे ठरविले. सौभाग्यवतींनी तत्काळ मुलाच्या तापाची आठवण दिली, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. एकीकडे मुलगा, एकीकडे आई. मध्ये वीतभर तार. अखेर गावातील एका वृद्ध मिस्तरींस बोलावणे धाडले. त्यांनी दार दोनदा उघडून सोडले, दोनदा आवाज ऐकला, आणि म्हणाले, “स्प्रिंग काहाले काढता जी? स्प्रिंग बिघडली नाई, आकड्याची जागा चुकली हाये.”

पुढे त्यांनी जे केले ते पाहून आम्हांस आमच्या शिक्षणाची किंचित लाज वाटली. स्प्रिंगेचे एक टोक दाराच्या वरच्या कडेस होते, आणि दुसरे गणेशपट्टीवरील आकड्यात, बिजागरीपासून हातभर दूर. त्यांनी तो आकडा काढून बिजागरीपासून चार बोटांवर बसविला. स्प्रिंग तीच, दार तेच. आता दार अर्धेमुर्धे उघडून सोडले तर ते पूर्वीसारखेच परत येऊन लागते, मात्र जरा हलक्या हाताने. परंतु तेच दार पुरते मागे, भिंतीकडे ढकलीत नेले, तर एका विशिष्ट जागी ताण क्षणभर कोणत्याच बाजूचा राहत नाही; आणि ती जागा ओलांडताच स्प्रिंग दारास उलट भिंतीकडे ओढू लागते. कारण असे की, तिची रेषा जोवर बिजागरीच्या खिळ्याच्या अलीकडे असते तोवर ती दार लावू पाहते. रेषा खिळ्यापलीकडे गेली म्हणजे तीच ओढ दार उघडे धरून ठेवते. आकडा बिजागरीपासून दूर असता ती सीमा दार भिंतीस टेकता टेकता येत होती, म्हणून आम्हांस कधी कळलीच नव्हती.

ओढ बदलावी लागली नाही. ती कोठून लागावी, एवढेच बदलावे लागले. मुलाविषयीची काळजी आणि आईविषयीची माया या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, अशा समजुतीने आम्ही तीन महिने त्यांचे भांडण लावून बसलो होतो. वस्तुतः ते एकच वेटोळे होते.

कोणी म्हणेल की, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्याचे काय? आक्षेप योग्य आहे. म्हणून आमच्या घरी आठवड्यातून एकदा रांजण, हंडे आणि कुंड्यांखालच्या थाळ्या रित्या करून, घासून, कोरड्या केल्या जातात. तो डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याचा बंदोबस्त म्हातारीस बाहेर ठेवून होत नाही.

मार्गशीर्षात मातोश्रींनी बाजारास जाणाऱ्या एका मुलीबरोबर निरोप धाडला. म्हातारी आली. आवळ्यांची टोपली तिने पायरीवरच ठेविली आणि हाक मारली. मातोश्रींनी नुसता हात हलविला. तेव्हा ती वर आली. भिंतीस टेकलेल्या दारास तिने आधी बोट लावून पाहिले, मग तळहाताने जरासे हलविले. ते जागचे हलले नाही. मग ती उंबरठ्यावर बसली, एक पाय आत, एक पाय बाहेर. त्या दोघींत काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही, कारण निम्मे आम्हांसही समजत नाही.

दिवेलागणीस मातोश्री आता स्वतःच काठीने दारास हलका धक्का देतात. सीमा ओलांडली की ते आपले आपण येऊन लागते. मिस्तरींनी मजुरी म्हणून दोन स्क्रूंची किंमत तेवढी घेतली. गणेशपट्टीवर जुन्या आकड्याची भोके अजून तशीच आहेत. ती लांबी भरून बुजवावी असे सौभाग्यवती अधूनमधून सुचवितात. आम्ही दर वेळी हो म्हणतो, आणि राहू देतो.