दीड वीत अंतर

एका साक्षीदारापेक्षां दोन बरे, हा न्याय कचेरींत जितका मान्य तितकाच व्यवहारांतहि मान्य आहे. परंतु दोघेहि खरें बोलत असतां, त्या दोन साक्षी एकत्र करतांना सत्यच कसें क्षीण होतें, हें आम्हांस कोणा नैयायिकानें नव्हे, तर बेंजोच्या ध्वनिमुद्रणानें शिकविलें.

आपल्याकडे वरातींत वाजणारा बेंजो म्हणजे वस्तुतः बुलबुलतरंग. जपानांत १९१२ सालीं गोरो मोरिता यांनीं निर्मिलेल्या तैशोगोतोचा वंशज. पनवेलहून उरणकडे जातां द्रोणागिरीचा डोंगर लागतो. त्याच्या परिसरांतील आगरी-कोळी गांवांत हें वाद्य विजेवर चालतें. त्यामुळें विजेच्या गिटारीप्रमाणें याचाहि खरा कंठ तारांत नसून ध्वनिवर्धकाच्या पेटींतील कागदी शंकूंत असतो. मुद्रण करणाऱ्यानें मायक्रोफोन ठेवावयाचा तो त्या पेटीपुढें.

आमच्या एका विद्यार्थ्यानें गेल्या वैशाखांत तेथील एका वृद्ध वादकाच्या लग्नांतील चाली मुद्रित करण्याचें योजिलें. आम्हीहि समवेत होतों. वादकाचीं बोटें संधिवातानें आखडूं लागलीं होतीं, आणि त्या चाली दुसऱ्या कोणाच्या हातांत उतरल्या नव्हत्या. विद्यार्थ्यानें एक मायक्रोफोन पेटीच्या कापडापासून चार बोटांवर, शंकूच्या मध्यासमोर ठेविला. मध्यासमोर नाद तीक्ष्ण येतो, कडेकडे सरकावें तसा मृदु होतो. दुसरा त्याच्या दीड वीत मागें ठेविला. एकेकटा ऐकतां दोन्ही उत्तम. एकत्र ऐकतां मात्र नाद पत्र्याच्या नळींतून यावा तसा पोकळ! वृद्धानें कानांवरचीं श्रवणयंत्रें काढून ठेविलीं आणि म्हटलें, “सर, यो माजा बेंजो नाय.”

कारण साध्या गणितांत आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. म्हणजे नऊ इंची वितीच्या हिशेबानें दीड वीत जाण्यास त्याला सेकंदाचा सुमारें हजारावा भाग लागतो. सेकंदास ५०० कंपनें असलेल्या स्वराची तेवढ्यांत अर्धी लहर उलटून जाते. एक मायक्रोफोन लाटेचा माथा सांगतो, तेव्हां दुसरा तिचा तळ सांगतो, आणि बेरजेंत तो स्वर बराचसा विरून जातो. हजार कंपनांचा स्वर उलट बळावतो. कांहीं स्वर बुडाले, कांहीं फुगले; वादकाचा नाद मात्र उरला नाहीं.

यावर उपाय तीन. दोन्ही मायक्रोफोनांचीं तोंडें शंकूपासून समान अंतरावर आणावीं. किंवा दुसरा दोन-तीन मीटर दूर नेऊन, तो खोलीचा नाद सांगेल इतकाच मंद मिसळावा. अथवा एकाची विद्युत्‌दिशा उलटी करून पाहावी, व नाद भरला तर पूर्वी दोघांत विरोध होता असें समजावें. विद्यार्थ्यानें पहिला मार्ग धरिला. बोटबोट सरकवून तो ऐकत राहिला, पण निवाडा वृद्धाचा. तोंडें जुळल्यावर वृद्ध कांहींच बोलला नाहीं. त्याचीं आखडलेलीं बोटें मांडीवर चालूं लागलीं. त्या दुपारीं सात चाली मुद्रित झाल्या.

एकाच ग्रंथावरील दोन मतें वर्गांत मांडतांना आतां आम्ही विद्यार्थ्यांस आणखी एक प्रश्न विचारतों: दोघे खरे असतील, पण ते बोलले कोठें उभे राहून? तें अंतर ठाऊक झाल्यावांचून बेरीज करूं नये. पुष्कळ साक्षी गोळा करणें सोपें आहे. ज्याच्याविषयीं त्या आहेत, त्याला त्यांत स्वतःचा आवाज ओळखूं आला पाहिजे.