आधी तोतोरो

१६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये घिबली स्टुडिओचे दोन ॲनिमेशनपट एकाच खेळात, जोडीनं प्रदर्शित झाले: हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ आणि इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दोन्हींत दोन भावंडं आहेत, धाकटी बहीण चार वर्षांची आहे आणि आई घरात नाही. घरातल्या लहानथोरांनी मिळून एका संध्याकाळी यांतला एकच पाहायचा असेल, तर मी तोतोरो निवडेन. तो गोड आणि निरुपद्रवी आहे म्हणून निवडावा, हे नेहमी दिलं जाणारं कारण मात्र मला पटत नाही. पाहताना मला त्यात सतत भीती जाणवत राहते. आई रुग्णालयात आहे आणि ती कधी घरी येईल हे कुणीच ठामपणे सांगत नाही. मियाझाकींची स्वतःची आई क्षयानं वर्षानुवर्षं आजारी होती. त्या अनिश्चिततेची त्यांना पुरती ओळख आहे. घर सांभाळणारी, सगळ्यांचे डबे भरणारी थोरली बहीण सात्सुकी रुग्णालयाची तार आल्यावर कोसळते आणि आई मेली तर काय, असं शेजारच्या आजीला रडत विचारते. मग धाकटी मेई हरवते, तळ्यात लहान मुलीची चप्पल सापडते, गावकरी गाळात बांबू खुपसून शोधू लागतात. मृत्यू इथे मुलांच्या अगदी जवळून जातो. पण त्यांच्याभोवती माणसं आहेत. तोतोरो हा रानातला भलामोठा अद्भुत प्राणी दिसल्याचं मेई सांगते तेव्हा वडील तिला खोटं पाडत नाहीत. दोघींना घेऊन तो राहतो त्या कापराच्या विशाल झाडापुढे वाकून नमस्कार करतात. मुलांचा विश्वास हा चित्रपट इथे कमावतो, आणि म्हणूनच पुढची भीती त्यांना पेलते.

फायरफ्लाइजमध्ये थोरला भाऊ सेइता सुरुवातीलाच सांगतो की २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री तो मेला. कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यात भाजलेली आई, तिच्या किमोनोंच्या बदल्यात मिळालेला तांदूळ, आसरा देणाऱ्या दूरच्या नात्यातल्या बाईंचे टोमणे, मग तळ्याकाठच्या खंदकातला संसार आणि धाकट्या सेत्सुकोची उपासमार हे सगळं शेवट ठाऊक असतानाच पाहावं लागतं. कलाकृती म्हणून मी हा चित्रपट तोतोरोपेक्षा तसूभरही कमी मानत नाही. पण त्याचा गाभा आहे सेइताचा निर्णय: अपमान सोसून त्या बाईंकडे राहायचं की मान राखून निघून जायचं? ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हल्ल्यातून वाचले होते, तरी याला निव्वळ युद्धविरोधी चित्रपट म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. स्वाभिमानाची किंमत तोलायला निदान सेइताएवढं, म्हणजे चौदा वर्षांचं वय हवं. सहा वर्षांच्या मुलाला फक्त सेत्सुको दिसेल, आणि तिच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही हे दिसेल.

तोतोरोत काही घडतच नाही, असा आक्षेप असतो. मला वाटतं, बसथांब्याचा प्रसंग पुन्हा नीट पाहावा. पाऊस, अंधार, पाठीवर झोपलेली मेई, उशीर झालेले वडील. आणि छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजानं हरखलेला तोतोरो. वाट पाहणं आणि त्यातली काळजी इथे जवळजवळ शब्दांविना कळते. ज्याला इंग्रजी समजत नाही आणि पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, अशा मराठी घरातल्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जपानी मुलांनी तर दोन्ही एकत्र पाहिले, मग आपण का लपवायचं? पण त्या जोडीमागे व्यवहार होता. एकट्या तोतोरोवर पैसे लावायची तयारी नव्हती. शिनचोशा या प्रकाशनसंस्थेनं फायरफ्लाइजची जबाबदारी घेतल्यावर दोघांचा मार्ग मोकळा झाला. मुलांना काय सोसेल याचा विचार करून ही जोडी ठरली नव्हती, तेव्हा तिचा दाखला इथे लागू पडत नाही. शिवाय लपवण्याचा प्रश्नच नाही, कारण आई मरू शकते हे तोतोरोही सांगतो. फायरफ्लाइज मुलांनी पाहायलाच हवा, पण आठवी-नववीत, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना आणि मोठ्या माणसांसोबत. कारण तो संपल्यावर सेइता चुकला का, यावर मुलं बोलू लागतील आणि त्या बोलण्याला वेळ द्यावा लागेल.