डुंगीची बॅटरी

सिग्नल्सचा माणूस सुट्टीवर गावी आला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "बॉर्डरवर होतास का?" आणि दुसरा, "आमचा इन्व्हर्टर जरा बघतोस का?" पहिल्याचं उत्तर पोस्टिंगप्रमाणे बदलतं, दुसऱ्यातून मात्र सुटका नाही. अंदमानच्या पोस्टिंगमध्ये हा दुसरा प्रश्न मला थेट समुद्रावरून आला.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमला, जंगलीघाट नावाचा मासळीचा धक्का आहे. रविवारी मासळी आणायला आम्ही तिथे जायचो. तिथल्या कोळ्यांत तेलुगू बरेच, बंगालीही आहेत. सगळ्यांची मिळून भाषा अंदमानी हिंदी. आमच्या ओळखीचे एक तेलुगू अण्णा होते, पन्नाशीचे. त्यांची लाकडी डुंगी, तिला एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, हँडल मारून चालू होणारं. एके दिवशी म्हणाले, "साब, आप तो बैटरीवाले हो. वर्षात दोन बॅटऱ्या बसल्या. परवा रात्री दोन वाजता दिवा गेला आणि समोरून जहाज आलं. डिझेलमध्ये फडकं बुडवून पेटवलं, म्हणून वाचलो."

मी बॅटरी पाहिली. ट्रकची होती. दुकानदाराने "सगळ्यात ताकदवान" म्हणून गळ्यात मारलेली. बॅटरीत खोट नव्हती. तिला दिलेलं काम चुकीचं होतं.

मित्रांनो, गाडीची बॅटरी म्हणजे शंभर मीटर धावणारा जवान. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात. स्टार्टर फिरवायला ती काही सेकंद शेकडो अँपियर देते आणि लगेच डायनॅमो तिला भरून काढतो. तिलाच रात्रभर दिवे जाळायला लावून रोज तळाशी नेलं, तर प्लेटांवरचा लेप झडतो आणि काही महिन्यांत ती संपते. अण्णांचं इंजिन तर हँडलवर चालू होणारं. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे त्यांनी मोजले, तिची डुंगीवर गरजच नव्हती. त्यांना हवा होता रूट मार्चवाला जवान: ट्यूब्युलर बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती. तिच्यात लेप नळ्यांत कोंबलेला असतो, म्हणून तो सहज झडत नाही. एकदम जोर कमी, पण दम मोठा.

किती मोठी घ्यायची, याचा हिशेब आम्ही धक्क्यावरच मांडला. खुणेचा एलईडी दिवा ०.४ अँपियर, १२ तास: ५ अँपियर-तास. जाळ्यावरचे दोन दिवे मिळून २ अँपियर, ६ तास: १२. जीपीएस आणि मासे दाखवणारं यंत्र १ अँपियर, १२ तास: १२. व्हीएचएफ सेट ऐकण्यावर अर्धा अँपियर, अधूनमधून बोलणं धरून: ७. एकूण ३६. ॲसिडची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणजे दुप्पट, ७२. उन्हातान्हाचा आणि जुनं होण्याचा भाग धरून १०० अँपियर-तासांची घ्यावी. मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. तासाभराहून जास्त विश्रांती दिलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. तिथून खाली गेली की दिवे कमी करायचे.

"आणि लिथियम?" अण्णांच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. लिथियम आयर्न फॉस्फेट वजनाला निम्म्याहून कमी, ८० टक्के बिनधास्त वापरता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. पण किंमत जास्त आणि चार्जर तिला मानवणारा लागतो. दुसरं म्हणजे, ॲसिडची बॅटरी मरताना दिवा मंद करून सांगते. लिथियमच्या आतलं संरक्षक सर्किट एका क्षणात सगळं बंद करतं. ज्याच्याकडे व्होल्टमीटर आहे आणि जो तो बघतो, त्याने ती जरूर घ्यावी. मधला पर्याय सीलबंद एजीएमचा: कलंडली तरी ॲसिड सांडत नाही, पाणी घालायला नको. मात्र जास्त चार्ज झाली तर तिच्यातलं गेलेलं पाणी परत भरता येत नाही.

कुठली ठेवायची यापेक्षा कुठे ठेवायची हे कमी महत्त्वाचं नाही. डुंगीच्या तळात साचणारं खारं पाणी सेलमध्ये शिरलं तर क्लोरीन वायू निघतो. पाणबुडीवाल्यांना ही भीती पूर्वीपासून ठाऊक आहे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तोही ठिणगीची वाट बघत असतो. म्हणून बॅटरी उंचावर, पट्ट्याने आवळलेली, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवायची. टर्मिनलला व्हॅसलीन लावायचं आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवायचा.

शेवटची गोष्ट मी सल्ला म्हणून नाही, हुकूम म्हणून सांगितली. आमच्या वायरलेसच्या गाड्यांत इंजिनची बॅटरी वेगळी, सेटची वेगळी. गाडी बंद पडली तरी आवाज बंद पडता कामा नये. अण्णांना म्हटलं, यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपियर-तासांची छोटी सीलबंद बॅटरी घ्या, फक्त सेटसाठी. तिच्यावर दिवा नाही, मोबाईलचं चार्जिंग नाही. तेवढ्यावर सेट दहा-बारा तास ऐकू शकतो आणि चॅनल १६ वर अनेकदा हाक मारू शकतो. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर चांगला आहे, पण किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाईलला रेंज नसते.

मोठी ट्यूब्युलर त्यांनी त्याच आठवड्यात घेतली. छोटीसाठी मात्र कुरकुर केली, "नेहमी भरलेली ठेवायची आणि वापरायचीच नाही?"

मी म्हटलं, "अण्णा, आम्हालाही सरकार त्याचसाठी पगार देतं."

ते हसले आणि दुसऱ्या दिवशी तीही घेऊन आले.

जय हिंद.