वीस टक्के

खंडेनवमीला मामाच्या वर्कशॉपमध्ये जायचं, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. भोसरी एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड, आठ मशिन्स, सगळ्यांना झेंडूच्या माळा, शेडभर कुलंटचा तो ओळखीचा वास आणि शेवटी हातात पेढा. आयटीत शिरल्यापासून कधी जमायचं, कधी नाही. २०१८ साली मात्र मुद्दाम गेलो, कारण त्या वर्षी मला जरा भाव खायचा होता.

तर झालं असं, की मी तेव्हा दुचाकींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. पुढच्या तीन महिन्यांत किती माल लागेल याचा अंदाज काढायचा आणि तो सप्लायर्सना पोर्टलवर दाखवायचा. पहिला महिना फर्म, पुढचे दोन टेंटेटिव. त्या कंपनीच्या शंभरेक सप्लायर्सपैकी एक आमचा मामा. तो एक पिन बनवतो. ईएन-८ चा बार घ्यायचा, सीएनसीवर टर्निंग, हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवायचा, मग ग्राइंडिंग. करंगळीएवढी पिन.

पूजा झाल्यावर मामानं ऑफिसातल्या टेबलावरचा एक प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. माझाच रिपोर्ट! कॉलमांची नावंसुद्धा मी दिलेली.

"आकडा बराच वर गेलाय रे. खरा आहे का?"

इथे थोडं तांत्रिक. आपले सण इंग्रजी महिन्यांना जुमानत नाहीत. २०१७ साली दसरा सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी आणि दिवाळी ऑक्टोबरात होती. २०१८ ला अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे दसरा ऑक्टोबरात आणि दिवाळी थेट नोव्हेंबरात. मागच्या ऑक्टोबरवरून या ऑक्टोबरचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर अशा वर्षी हमखास तोंडावर आपटतं. मी त्यात पंचांग घातलं होतं, म्हणजे विक्री दसऱ्यापासूनच्या दिवसांत मोजायची. जुन्या वर्षांवर चालवून पाहिलं तर चूक जवळपास निम्मी झाली होती. त्यामुळे मी छाती काढून म्हटलं, "मामा, यंदा पक्का आहे. मीच केलाय."

त्यानं पेढा पुढे केला. विषय संपला.

मी एक गोष्ट सांगितली नाही. पोर्टलवर जाणारा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज नव्हता. प्लॅनिंगवाल्यांनी सेटिंगमध्ये 'कव्हर' नावाचा एक टक्का ठेवला होता, तेव्हा बारा. अंदाजावर बारा टक्के चढवून मगच तो सप्लायरला दिसायचा. ते फील्ड मीच बनवलेलं. आणि आमच्याकडे येणारा आकडाही गाडी बनवणाऱ्यांनी स्वतःच्या टार्गेटवरून फुगवलेला, त्याच्या अलीकडे डीलरांनी सणासाठी भरून ठेवलेल्या गाड्या. क्लायंटची आतली माहिती बाहेर सांगायची नसते, हे कारण मी नंतर शोधलं. खरं तर त्या क्षणी मला ते आठवलंही नाही. कौतुक चाललं होतं ना माझं!

सप्लाय चेन शिकवणारे एक खेळ खेळायला लावतात, 'बीअर गेम'. एमआयटीतल्या जे फॉरेस्टरच्या मंडळींनी तो काढला. चार खेळाडू : दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. गिऱ्हाईक आठवड्याला चार पेट्या घेत असतं, पाचव्या आठवड्यात आठ घेऊ लागतं आणि मग शेवटपर्यंत आठच. बदल एवढाच. पण प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर दिसते, माल यायला वेळ लागतो आणि जो तो थोडी जास्तीची मागवून ठेवतो. ट्रेनिंगमध्ये मी कारखाना होतो. एका आठवड्यात माझ्याकडे चाळीस पेट्यांची ऑर्डर आली आणि पुढे कित्येक आठवडे शून्य. आम्ही पोट धरून हसलो होतो. याला इंग्रजीत बैलांच्या आसुडाचं नाव आहे. मनगट जरासं हलतं, पण टोक फाडकन वाजतं. हाऊ ली आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९७ सालचा त्यावरचा लेख आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी वाचलेला असतो. मीही वाचला होता. भोसरीतली शेड म्हणजे आसुडाचं टोक, हे काही डोक्यात आलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढायची सक्ती झाली होती, म्हणजे शोरूममधून बाहेर पडतानाच गाडी महागली. त्याच सुमाराला आयएल अँड एफएस बुडायला लागली आणि एनबीएफसींकडचा पैसा आटला. गाव-तालुक्यातल्या कितीतरी दुचाक्या त्यांच्याच कर्जावर जातात. माझ्या पंचांगात यातलं काहीच नव्हतं. दिवाळी आली नि गेली, गाड्या डीलरकडेच उभ्या. डिसेंबरचं शेड्यूल आलं ते निम्म्याहून खाली.

भाऊबीजेला मामा नेहमीसारखा आला, ओवाळून घेतलं, आईला साडी दिली, काही बोलला नाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी मीच गेलो. भिंतीलगत छातीएवढे निळे क्रेट, तेल लावून प्लॅस्टिकखाली झाकलेले. साठ हजार पिना. त्या ड्रॉइंगची पिन दुसऱ्या कुणालाच चालत नाही, आणि टेंटेटिव महिन्यांची जबाबदारी कंपनी घेत नाही. सीसीची लिमिट संपलेली. दोन ऑपरेटरना त्यानं 'जानेवारीत बघू' म्हणून घरी बसवलं होतं. त्यातल्या एकाला मी लहानपणापासून काका म्हणतो.

मी कव्हरचं सांगून टाकलं. म्हटलं, "मामा, आकडा फुगवलेला होता. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं की," तो म्हणाला. "सगळेच फुगवतात. पोर्टल नव्हतं तेव्हा फोनवर फुगवायचे. मी दरवेळी वीस टक्के कापतो. यंदा तू म्हणालास म्हणून नाही कापले."

आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी ऑफिसात मी डॅशबोर्ड उघडून बसलो. इन्व्हेंटरीचा आलेख झकास होता, हिरवागार. मामाच्या भिंतीलगतचे क्रेट त्यात कुठेच नव्हते, कारण ते कंपनीचे नव्हतेच. लाइन बंद पडली तर प्लॅनिंगवाल्याची मान धरतात. सप्लायरकडे माल साठला तर कोणालाच कोणी विचारत नाही. मग तो बारा टक्के का नाही ठेवणार? त्याच्या जागी मीही ठेवले असते.

मी दोन गोष्टी मागितल्या. कव्हर वेगळ्या कॉलममध्ये दाखवा. आणि गेल्या सहा महिन्यांत आपण किती सांगितलं, प्रत्यक्षात किती उचललं, ते प्रत्येक सप्लायरला दिसू द्या. अमेरिकेत वॉलमार्टनं वॉर्नर-लॅम्बर्टबरोबर लिस्टरिनसाठी नव्वदच्या दशकात विक्रीचे अंदाज एकमेकांसमोर मांडायला सुरुवात केली होती, त्या प्रयोगाची स्लाइडही घातली. दुसरी मागणी चार मीटिंगांनंतर मान्य झाली. पहिलीवर उत्तर मिळालं : कव्हर दिसलं तर सप्लायर तेवढं कापूनच माल बनवतील. (बनवतीलच!)

पिना संपायला पुढचा दसरा उजाडला. २०१९ साल गाड्यांच्या धंद्याला कसं गेलं ते सांगायला नको. दोघांपैकी एकच ऑपरेटर परत आला. काका नाही आले, त्यांनी चिंचवडला रिक्षा घेतली.

मी आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. मामाचं पोर्टल चालू आहे. शिवाय दर सोमवारी तो कंपनीच्या स्टोअरमधल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून 'रॅकवर आपले किती क्रेट शिल्लक?' एवढंच विचारतो. परवा रात्री मलाही फोन आला.

"सणाचा आकडा आलाय. कितपत खरा?"

"मामा, मी आता तिथे नाही रे. मला काहीच माहीत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "मग वीस कापतो."