बॅटरी बदलली, चार्जर तोच राहिला

वीज उपकेंद्रातला ब्रेकर कितीही मोठा असो, तो उघडतो बॅटरीच्या जिवावर. बाहेर 132 केव्हीची लाइन असते आणि फॉल्ट आला की ती तोडायचा हुकूम ट्रिप कॉइलला मिळतो तो बॅटरी रूममधल्या 110 व्होल्ट डीसीवर. दोन-दोन व्होल्टचे 55 सेल ओळीने मांडलेले असतात. त्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. हायड्रोमीटरने ॲसिडची घनता पाहायची, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टर्मिनल घासूनपुसून पेट्रोलियम जेली लावायची आणि चार्जरचं फ्लोट व्होल्टेज वहीत नोंदवायचं. बॅटरी बदलली की चार्जर नव्याने सेट करायचा, हे मी नव्या पोरांना तोंडपाठ करून घ्यायचो. जुनी बँक काढून सीलबंद सेल आले, तेव्हा चार्जरचं सेटिंग पूर्ण होईपर्यंत मी ते लाइनवर घेऊ दिले नव्हते.

स्वतःच्या गाडीत मी नेमकं हेच विसरलो.

निवृत्तीनंतर इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिच्या पोटाखाली एवढी मोठी बॅटरी असताना बॉनेटखाली आणखी एक बारा व्होल्टची कशाला, असं अनेक जण विचारतात. गाडी बंद असते तेव्हा सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी कॉन्टॅक्टरने तोडलेली असते. ते कॉन्टॅक्टर ओढून घ्यायला बारा व्होल्ट लागतात. दारांची कुलपं, कॉम्प्युटर, दिवे, स्टिअरिंग सगळं त्याच बारा व्होल्टवर चालतं. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली आणि छोटी मेली, तर गाडी जागची हलत नाही. चार्जरची वायर लावली तरी चार्जिंग सुरू होत नाही, कारण ते सुरू करणारा कॉम्प्युटरच झोपलेला असतो. उपकेंद्राची रचना हीच तर असते. मला ती शिकवावी लागत नव्हती.

तीनेक वर्षांनी मूळची लेड-ॲसिड बॅटरी थकली. पुण्याचा उन्हाळा आणि दिवसचे दिवस उभी राहणारी गाडी, दोन्ही लेड-ॲसिडला मानवत नाहीत. अर्धवट डिस्चार्ज होऊन पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटला हा त्रास नाही. हे रसायन 1990 च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. त्याला हजारो सायकल झेपतात आणि ते सहजासहजी पेट घेत नाही. अकरा-बारा किलोच्या जागी चार-पाच किलो वजन. किंमत कितीतरी पट, पण पुन्हा बदलावी लागणार नाही असा माझा हिशेब होता.

दुकानदाराला मी बरेच प्रश्न विचारले. माप बसेल का, टर्मिनल कुठल्या बाजूला, आतली बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, किती अँपिअर सोसते. गाडी या बॅटरीला किती व्होल्टने चार्ज करणार, हा प्रश्न मात्र माझ्या तोंडून आला नाही. उपकेंद्रात चार्जर म्हणजे कपाटाएवढी वस्तू, तिच्यावर मीटर, नॉब आणि शेजारी वही. गाडीतला चार्जर म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर. मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन तो छोटीला देतो आणि तो दिसत कुठेच नाही. दिसत नाही म्हणून त्याचा विचारही मनात आला नाही.

पुढचे काही महिने मी खूश होतो. सकाळी टर्मिनलला मीटर लावला की 13.3 दाखवायचा. लेड-ॲसिड पूर्ण भरलेली असली तरी उभी असताना 12.6-12.7 च्या पुढे जात नाही. 13.3 चा अर्थ मी लेड-ॲसिडच्या सवयीने लावत होतो, जितके व्होल्ट जास्त तितकी भरलेली. सोसायटीत दोघा-तिघांजवळ मी या बॅटरीचं कौतुक केलं. माझ्याबरोबर नोकरी केलेला एक मित्र सिन्नरला असतो, त्याची गाडी माझ्यासारखीच. त्याच्या गाडीत ही बॅटरी मी स्वतः जाऊन बसवली. तो म्हणाला, "बॅटरीतलं तुला कळतं, मी काय विचारू?"

त्यानंतर एकदा आम्ही आठवडाभर गावी गेलो आणि परत आलो तर माझी गाडी मेलेली. रिमोटला दाद नाही. फोबमधली किल्ली काढून दार उघडलं, बॉनेट उचललं, मीटर लावला. आकडा जवळजवळ शून्य. लेड-ॲसिड उतरली तरी सहसा काही व्होल्ट दाखवते, म्हणून आधी मला मीटरचाच संशय आला. घरातला चार्जर लावला तर तो चालू होईना, कारण समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय तो करंट सोडत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून जम्पर केबल जोडली तेव्हा कुठे बॅटरी जागी झाली. बीएमएसने सेल वाचवण्यासाठी बॅटरी आतूनच तोडली होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

इथे मी चुकलो, आणि ही चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी होती. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम बॅटरी खातो, हे कारण मला सापडलं. माझा डॅशकॅम काढून ठेवला आणि विषय संपवला. डॅशकॅमने बॅटरी उतरवली हे खरंच होतं, पण गाडीने ती वेळेवर भरून का घेतली नाही, याच्या मागे मी गेलो नाही. सिन्नरला फोनही केला नाही. त्याच्या गाडीत डॅशकॅम होता हे मला ठाऊक होतं. फोन केला असता तर "मी बसवून दिलेल्या वस्तूत काहीतरी गडबड आहे" असं म्हणावं लागलं असतं. ते मला नको होतं. तेव्हा मी स्वतःलाही हे असं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

काही आठवड्यांनी तो आईला घेऊन काशीला गेला. गाडी नाशिक रोड स्टेशनच्या पार्किंगमध्ये ठेवली होती. परतीची ट्रेन उशिरा आली आणि मध्यरात्रीनंतर त्याचा फोन आला. आई ऐंशीच्या पुढच्या, दोन रात्रींच्या प्रवासाने थकलेल्या. मी पुण्यात. किल्ली कशी काढायची, बॉनेट कसं उघडायचं, कुठल्या टॅक्सीवाल्याला जम्परसाठी विचारायचं, सगळं फोनवर सांगत बसलो. केबल मिळाली ती बारीक, क्लिपा गंजलेल्या. "आता पुन्हा लाव, पाच मिनिटं थांब, आता दाब," असं मी सांगत राहिलो आणि तो करत राहिला. पहिल्याच फोनला "गाडी सोड, टॅक्सीने घरी जा" म्हणालो असतो तर त्या माउली दोन वाजता अंथरुणावर असत्या. माझ्या हट्टापायी त्या साडेतीनपर्यंत बाकावर बसून होत्या.

सकाळच्या एसटीने मी चांगली केबल घेऊन नाशिकला पोचलो. तोवर त्याने मेकॅनिककडून साधी लेड-ॲसिड बॅटरी बसवून घेतली होती. लिथियमची माझ्या हातात देत त्याने विचारलं, "तुझ्या गाडीत असं कधी झालं होतं का रे?"

मी हो म्हणालो. मग केव्हा, हेही त्याने विचारलं आणि मी तेही सांगितलं. तो रागावला नाही. त्याच्या घरी चहा घेतला, आईंच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली. त्यानंतर इन्व्हर्टर घ्यायचा होता तेव्हा त्याने मला विचारलं नाही, ते मला दुसऱ्याकडून कळलं.

घरी येऊन मी वही काढली आणि गाडी सुरू असताना, बंद असताना, रात्री झोपलेली असताना व्होल्टेज लिहीत गेलो. गाडी चालू केल्यावर कन्व्हर्टर 14.4 देत होता आणि थोड्या वेळाने 13.1 वर उतरत होता. लेड-ॲसिडला ते पुरतं. लिथियम 13.1 वर जवळजवळ काहीच घेत नाही, म्हणजे माझ्या शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती कधी नीट भरतच नव्हती. दुसरी गोष्ट रात्रीची. गाडी अधूनमधून छोट्या बॅटरीचं व्होल्टेज पाहते आणि ते 12.3 च्या आसपास आलं की मोठीतून भरून घेते. लेड-ॲसिडमध्ये 12.3 म्हणजे अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक, भरपूर वेळ हाताशी. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मात्र जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. 12.3 ला तिच्यात फार तर दहावा हिस्सा उरलेला असतो. मी सकाळी आनंदाने पाहत होतो ते 13.3 व्होल्ट बॅटरी किती भरली आहे याबद्दल फारसं काहीच सांगत नव्हते. डॅशकॅमचा कटऑफ 12.0 वर होता. तोही लेड-ॲसिडच्या हिशेबाने ठेवलेला, म्हणजे लिथियमच्या बाबतीत असून नसल्यासारखा.

कारखान्यातूनच लिथियमची छोटी बॅटरी देणाऱ्या गाड्यांविषयी मग मी वाचलं. टेस्लाने 2021 मध्ये लेड-ॲसिड सोडून लिथियम घेतली तेव्हा व्होल्टेजच वर नेलं, साडेपंधराच्या आसपास. ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची लिथियम आहे, आणि ती स्वतःला तोडून बसली तर पुन्हा जोडायला डॅशबोर्डवर वेगळं बटण दिलं आहे. ते बटण देणाऱ्यांनी माझ्या पार्किंगमधला प्रसंग आधीच विचारात घेतला होता.

माझ्या गाडीत आता एजीएम प्रकारची लेड-ॲसिड आहे. दोन्ही लिथियम बॅटऱ्या घरी, लिथियमसाठीच्या चार्जरवर, वीज गेली की राउटर आणि दोन दिवे चालवतात. तिथे त्या उत्तम काम करतात. ज्यांच्याजवळ कौतुक केलं होतं त्या सगळ्यांकडे जाऊन मी झाला प्रकार सांगितला. त्यातल्या एकाने आधीच लिथियम बसवली होती. त्याची गाडी वेगळ्या बनावटीची, म्हणून काढायच्या आधी रात्रभर दोघांनी मिळून मोजलं. तिचा कन्व्हर्टर गाडी चालू असताना 13.8 च्या खाली येत नव्हता आणि झोपलेल्या गाडीत तो व्होल्टेज न पाहता ठरावीक वेळाने चार्ज देत होता. त्याची लिथियम आम्ही तशीच ठेवली. डॅशकॅम मात्र बॅटरीवरून काढून वेगळ्या पॉवर बँकवर घेतला.